वाटणी न झालेले सामाईक खाते

कोंडिबा, तुझ्या वारसांचा अर्ज मी परवा माझ्या हाताने लिहिला. मयत खातेदाराचे नाव कमी करून वारसांची नावे लावण्यात यावीत, ही ओळ मी आजवर इतक्या लोकांसाठी लिहिली आहे की तिच्यासाठी मला विचार करावा लागत नाही. तरीही तुझ्या नावाआधी ‘मयत’ हा शब्द लिहिण्याची वेळ आली, तेव्हा पेन अडले. समोर तुझी पत्नी, आमच्या पारूवहिनी, बसलेल्या होत्या. “शाई सुकली,” असे म्हणून मी दुसरे पेन काढले. दुसऱ्या पेनाचीही शाई सुकलेली निघाली, हे तुला सांगायला हरकत नाही.

त्या अर्जाने तुझ्या गावच्या, गोरेगावच्या, जमिनीचा प्रश्न मार्गी लागेल. परंतु आपल्या दोघांचे आणखी एक सामाईक खाते आहे. त्याची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही. तुझ्या पश्चात ते चालू ठेवावे की बंद करावे, असा प्रश्न माझ्यापुढे उभा आहे, आणि तुझ्याशी बोलल्याविना त्यावर निर्णय देणे मला उचित वाटत नाही. सबब हे लेखन.

जे वाचक तुला ओळखत नव्हते, त्यांच्या माहितीसाठी थोडे नमूद करतो. मी कचेरीसमोर झाडाखाली टेबल मांडून अर्ज लिहिणारा मनुष्य. शिक्षण नववीपर्यंत; परंतु माझ्या मसुद्याला भल्याभल्या वकिलांनी खालीवर पाहून मान डोलावलेली आहे. पूर्वी मी सेनगावला बसत असे. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा टेबल घेऊन हिंगोलीला आलो, कारण नव्या जिल्ह्याला जाणत्या लेखकाची गरज होती. आणि तू शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. पिढीजात मेंढरे राखणाऱ्या घरातला, पण बोलणे असे की मेंढराने स्वतः होऊन विकले जावे. बाजारात रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटे धरून भाव ठरवण्यात तुझा हात कोणी धरू शकत नसे.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलास तो गायरानावरच्या चराईचा अर्ज घेऊन. मी दोन पानी मसुदा वाचून दाखवला. तू शांतपणे ऐकलेस आणि म्हणालास, “मुन्शी, एवढं लंबं काहून लिहिलं? बकऱ्याला चरू द्या, एवढंच म्हणायचं हाय.”

मी तुला शासकीय पत्रव्यवहाराची प्रतिष्ठा समजावून सांगितली.

“अर्ज मंजूर व्हायला पायजे,” तू म्हणालास, “त्याचं लग्न न्हाई लावायचं.”

त्या दिवसापासून दर बाजाराच्या दिवशी तू माझ्या टेबलाशी येऊ लागलास. काम असो वा नसो. पुढे पुढे तर काम नसेच.

मग संगणक आला. हाताने लिहिलेला अर्ज साहेबांच्या डोळ्यांना खुपू लागला आणि मला मुश्ताकभाईच्या नेट कॅफेत जाऊन मजकूर टंकित करून घ्यावा लागू लागला. मी सांगत असे, मुश्ताकभाई बडवत असे आणि तू शेजारी बसून जांभया देत असायचास. एके दिवशी छपाई अडकली. शेजारच्या यंत्रावर हिरवे टेबल दिसत होते आणि त्यावर पत्ते वाटले जात होते.

“पोकर है, मुन्शीजी,” मुश्ताकभाई म्हणाला. “दुनियाभर के लोग खेलते. पैसा नहीं लगता, पैसे के बदले खाली ये चकत्या.”

पोळ्याला आणि दिवाळीला तीनपत्ती खेळण्यात तुझी उभी हयात गेलेली. मी मात्र पत्ते हे माझ्या व्यवसायाच्या मर्यादेत बसणारे नाही, असे मानत आलो होतो. परंतु ज्यात द्रव्य लागत नाही तो जुगार ठरत नाही, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला, आणि माझ्या मते तो आजही टिकेल.

नाव नोंदवताना संगणकाने ई-मेलचा पत्ता विचारला. माझा एक होता, मुश्ताकभाईने काढून दिलेला, तुझा नव्हता. दुसऱ्या कोणी आधी तुझ्यासाठी पत्ता काढला असता. मी मात्र जन्मभर दोन अर्जदारांचा एक अर्ज लिहीत आलेलो. म्हणालो, “सामाईक खाते काढू. दोन नावे, एक खाते.” तुलाही त्यात काही वावगे वाटले नाही, कारण तुझ्याही घरची जमीन भावाभावांत तशीच होती. खात्याला आपण औंढ्याच्या देवाचे नाव दिले. अशा रीतीने ‘नागनाथ’ नावाचा एक खेळाडू जगाच्या टेबलावर येऊन बसला. त्याच्या आत आपण दोघे होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

एक डाव तुझा, एक डाव माझा. बाक एकच, माऊसही एकच. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच उघडी पाने पडतात आणि दर टप्प्याला बोली लावायची, वाढवायची किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे, एवढाच तो खेळ. तू कसल्याही पानांवर उतरत असायचास. मी एक्का-राजा आल्याखेरीज उतरत नसे. चकत्या भराभर जात आणि फुकटच्या म्हणून पुन्हा मिळत. भारनियमनात मध्येच वीज गेली, तर आपली पाने आपोआप टाकली जात. “सरकार पॅक करून राहिलं मुन्शीला,” म्हणून अंधारात तू हसायचास.

त्या खेळाच्या एका कोपऱ्यात आकड्यांचा तक्ता उघडतो, हा शोध माझा. तो इंग्रजीत होता. शब्दकोश घेऊन मी त्याचा अर्थ लावला. शंभर डावांपैकी किती डावांत उतरलात, त्यांतल्या कितींत शेवटपर्यंत टिकलात, पाने उघडण्याची वेळ आली तेव्हा किती जिंकलात, आणि कोणत्या टप्प्यावर पळालात. एक रकाना त्या दिवसाच्या बैठकीचा, दुसरा आजवरच्या एकूण डावांचा. मागचे डावही एकेक करून पुन्हा पाहता येत होते.

तुला तो तक्ता अजिबात आवडला नाही. “रुमालाखाली बोट दाबलं की मला समोरच्याचं काळीज कळते,” तू म्हणालास. “हितं समोर माणूसच न्हाई. आकडे पाहून काय कळनार?”

“समोरच्याचे बोट सापडत नाही,” मी उत्तरलो, “म्हणून स्वतःचे बोट दाबून पाहायचे.”

हे वाक्य मला त्या क्षणी सुचले आणि तू चक्क तक्त्यावर वाकलास. तुझ्या सहवासातल्या माझ्या थोड्या विजयांपैकी तो एक आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी खेळाआधी आपली सुनावणी होऊ लागली. मागील डाव पडद्यावर लावायचे, ज्याचा डाव असेल त्याने आपली बाजू मांडायची आणि मी आदेश द्यायचा. आदेश मीच का द्यायचा, यावर तू कायम हरकत घेतलीस. ती प्रत्येक वेळी नामंजूर झाली. पहिला मोठा निष्कर्ष तुझ्या विरोधात गेला. तुझे हरलेले डाव ओळीने पाहिले, तर बहुतेक वेळा तू सगळ्यांच्या आधी बोलायच्या जागेवर बसून कच्ची पाने घेऊन उतरलेला होतास. मागे बसलेले काय करणार, हे ठाऊक नसताना.

“कच्च्या पानांवर उतरायचेच असेल,” मी आदेश दिला, “तर ज्या डावात आपली पाळी शेवटी येते, त्या डावात उतरावे. तोवर इतरांचे मन कळलेले असते.”

तू पडद्यावरचे डाव पुन्हा एकदा पाहिलेस. “बराबर हाय,” म्हणालास. “बाजारातबी मी भाव आधी बोलत न्हाई. हितं काहून बोलून राहिलो?”

पुढच्याच बाजारी माझी पाळी आली. मी बरी पाने घेऊन उतरत होतो, पण शेवटचे पान पडून कोणी बोली वाढवली की पाने टाकून देत होतो. तक्त्यात ते स्वच्छ दिसत होते. असा आनंद तुझ्या तोंडावर मी त्याआधी पाहिला नव्हता.

“मुश्ताकभाई, इकडं या! मुन्शी पाहा, शेवटच्या पानाला पळून राहिला. जसा कोर्टात तारीख आली की मुदत मागतो!”

“ये तो अर्जी लिखनेवालों की आदत है,” मुश्ताकभाईने आगीत तेल ओतले.

पण मी ते मानले. पुरावा समोर असताना नाकारणे मला शोभले नसते. हळूहळू तू जागा पाहून उतरू लागलास, मी शेवटपर्यंत बसू लागलो आणि आपला नागनाथ सावरला. उतरण्याचे प्रमाण जिथे असावे तिथे आले, जिंकण्याचे वर गेले, फुकटच्या चकत्या पुन्हा मागण्याची वेळ येईनाशी झाली. एका बाजारी मुश्ताकभाईने तो तक्ता पाहून सांगितले, “ये आदमी अच्छा खेलता है.” आपण दोघांनी एकदमच ‘धन्यवाद’ म्हटले.

आणि तिथूनच आपले भांडण सुरू झाले. हा चांगला खेळणारा माणूस कोण?

तू म्हणायचास, चकत्या तुझ्या डावात येतात, मी नुसता राखणीला बसतो. मी म्हणत असे, पाया माझा आहे आणि तू त्यावर पतंग उडवतोस. एकत्र आकड्यातून कोणाचा वाटा किती हे काढता येईना. शेवटी तू वाटणीची मागणी केलीस. दोन वेगळी खाती. कोणाचे रान पिकते ते दिसू दे. मी विरोध केला. चालू खात्याची वाटणी करता येत नाही, जुने डाव विभागून मिळत नाहीत, नव्या खात्याला नवा ई-मेल लागेल, असे एकाहून एक मुद्दे मांडले. सगळे मुद्दे खरे होते. खरे कारण त्यांत नव्हते. दोन खाती म्हणजे दोन यंत्रे. दोन यंत्रे म्हणजे तू त्या भिंतीला आणि मी या भिंतीला. तो बाक मला मोडायचा नव्हता, कोंडिबा. हे वाक्य कोणत्या भाषेत लिहितात, ते मला आजही नीट ठाऊक नाही.

तुझ्या शेवटच्या बाजारी चहा पिताना तू पुन्हा विषय काढलास.

“मुन्शी, करून टाक ना वाटणी.”

“घाई कसली? पुढच्या बाजारी मुश्ताकभाईला सांगून पाहू.”

“मलाबी तारीख देऊन राहिला तू,” म्हणत तू उठलास आणि गोरेगावच्या जीपला मागच्या फळीवर अर्धा आत, अर्धा बाहेर बसून गेलास. पुढच्या बाजारी तीच जीप आली. जीपवाला तुझी बातमी घेऊन आला होता. रात्री छातीत दुखले, सकाळपर्यंत आटोपले. मी त्या दिवशी समोरच्या अर्जदाराचा मजकूर पुरा केला आणि मग टेबल आवरले.

तेराव्यानंतर एका दुपारी मी मुश्ताकभाईकडे जाऊन खाते उघडले. प्रामाणिकपणे सांगतो, मनात कुठेतरी तुझीच मागणी होती. आता डाव माझे एकट्याचे. आता दिसेल, खरा खेळणारा कोण. मी काळजीपूर्वक खेळलो. एकही आगळीक केली नाही. चांगल्या पानांवरच उतरलो, शेवटपर्यंत बसलो. आणि चकत्या वाढेनात. मी उतरलो की टेबलावरचे सगळे पाने टाकून बाजूला होऊ लागले. एक्का-राजाच्या जोडीवरही हाती काही लागेना. काही दुपारी अशाच गेल्या, तेव्हा मी आपल्या रिवाजाप्रमाणे सुनावणी लावली. मागील डाव काढले. आपण दोघे खेळत होतो ते डाव आणि माझे एकट्याचे डाव शेजारी ठेवून पाहिले.

निष्कर्ष असा की, आपण दोघे असताना नागनाथ कधी कशावर उतरेल याचा कोणालाच थांग लागत नव्हता. एका डावात तो कच्च्या पानांवर वाढवी, दुसऱ्या डावात पक्क्या पानांवर. तुझ्या डावांमुळे लोक माझ्या डावांत बसून राहत आणि माझ्या डावांच्या धाकाने तुझ्या डावांत पळून जात. मी एकटा असलो की मी उघड्या पुस्तकासारखा आहे. तू एकटा असतास तर तूही तसाच असतास, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाटणी झाली असती, तर दोन्ही वाटे पडीक राहिले असते. आपले भांडण आपण दोघेही हरलो, आणि इतक्या आनंदाने मी कुठलेही प्रकरण हरलेलो नाही.

पण एक अडचण त्यातून उभी राहिली. एकूण डावांच्या रकान्यातला उतरण्याचा आकडा तुझ्यामाझ्या मिळून होता. मी एकट्याने खेळलेला प्रत्येक डाव त्यात माझी भर घालतो आणि तुझा अंश तेवढा पातळ करतो. माझ्या चारदोन दुपारींनी तो आकडा जरासा खाली आलाही होता. खेळत राहिलो तर तू त्यातून हळूहळू वजा होशील. बंद केले तर आकडा जागेवर राहील, पण आतला माणूस खेळणार नाही. मयताचे नाव कमी करणे हे माझे रोजचे काम; या एका खात्यात ते माझ्याच हाताने होऊ नये, म्हणून खाते बंद करावे, असे मी जवळजवळ ठरवले होते.

आणि परवा पारूवहिनी आल्या. अर्जाचा कच्चा मसुदा झाल्यावर त्या जरा घुटमळल्या.

“भाऊजी, एक इचारू का? राग मानू नका.”

“विचारा.”

“तुमचं दोघाचं अजून एक सामाईक खातं हाय म्हणे. दीर म्हणून राहिले, त्याच्यात लई हाय. बँकेचं हाय का?”

मी त्यांना सांगितले की त्यात लाखांवर चकत्या आहेत आणि त्यांची किंमत काहीही नाही. त्यांचा विश्वास बसेना. बसावा कसा? अर्ज टंकित करायला जायचेच होते, म्हणून मी त्यांना सोबत मुश्ताकभाईकडे नेले. छपाई होईपर्यंत आपल्या बाकावर बसवले आणि खाते उघडून दाखवले. वहिनींनी हिरवे टेबल नीट निरखले.

“ह्याच्यासाठी बाजाराला जायचे व्हय?”

“यासाठीच.”

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसल्या. “घरी येऊन मला म्हणायचे, मुन्शी एकटा असता तर लई पुढं गेला असता. माझा हात आडवा येऊन राहिला. म्हणून वायलं व्हतो, वाटणी करतो म्हणायचे.”

कोंडिबा, हे तू मला कधी बोलला नाहीस. माझ्यासमोर तर सगळ्या चकत्या तुझ्याच होत्या. मी वहिनींना तक्ता दाखवला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून समजावले की तुझा हात आडवा येत नव्हता, तुझ्या हातावर माझा हात चालत होता. त्यांना रकाने कळले की नाही, ते सांगता येत नाही. बाकीचे त्यांना कळले.

बोलता बोलता पडद्यावर पाने पडली. आठ आणि तीन, रंगही वेगवेगळे, आणि जागा सगळ्यांच्या आधी बोलायची. मी टाकायला निघालो.

“थांबा. ह्यांनी काय केलं असतं?”

“पूर्वी उतरला असता,” मी खरे ते सांगितले. “नंतर सुधारला होता.”

“मग पहिल्यावानी करू. कोणतं दाबायचं?”

मी बटण दाखवले. वहिनींनी ते एका बोटाने असे दाबले, जसे चुलीवरची भाकरी भाजली का पाहतात. मागच्या एकाने बोली वाढवली.

“आता सोडणे इष्ट,” मी सल्ला दिला.

“काहून? आत्ता तर आलो.”

त्या शेवटच्या पानापर्यंत बसल्या आणि व्यवस्थित हरल्या. मागून मुश्ताकभाईने अर्ज छापून झाल्याची आरोळी दिली; आम्ही दोघेही उठलो नाही. एकूण डावांच्या रकान्यात काही हलले का ते मी पाहत होतो. एका डावाने काय हलणार? पण माझ्या एकट्याच्या हातून जे खाली चालले होते, त्याच्या समोरच्या पारड्यात तुझ्या बाजूने एक दाणा पडला होता.

“गेलं व्हय?” वहिनींनी विचारले.

“गेलं.”

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या, बाकावर थोड्या सरकल्या आणि माऊस माझ्याकडे लोटला. “आता तुमचा डाव.”